रामधनची झोप

या सदरातले अनुभव मी दर महिन्याला न चुकता वाचतो, आणि खोटं कशाला सांगू, वाचून बऱ्याचदा हसतो. कोणाला चिंचेखाली बाई दिसते, कोणाच्या सायकलच्या कॅरिअरवर कोणीतरी येऊन बसतं... माझा स्वभाव तसा नाही. मी जन्मभर इंजिनावर काम केलेला माणूस. इंजिनात खट्‌ वाजलं की त्याला कारण असतं — नट ढिला झालेला असतो, बेअरिंग गेलेलं असतं, नाहीतर तेल संपलेलं असतं. भुतानं इंजिन बंद पाडलं असं एकदाही घडलं नाही. बायकोनं दाराला लिंबू-मिरची टांगली की मी ती काढून मिरच्या वरणात टाकायला लावायचो. त्यावरून आमची भांडणंही पुष्कळ झाली.

तरी आज लिहायला बसलोय. वय चौऱ्याऐंशी आहे. माझ्या गोष्टीत अमावस्या नाही, स्मशान नाही. जे घडलं ते भर दुपारी, पत्र्याच्या खोलीत, उजेडात घडलं. आणि त्यात माझी स्वतःची एक चूक आहे, ती मी आजपर्यंत कोणाला सांगितलेली नाही — बायकोलाही नाही.

महाराष्ट्र राज्य झालं त्याच्या पुढच्या हिवाळ्यातली ही गोष्ट. यवतमाळ जिल्ह्यात मारेगाव आहे. तेव्हा ते तालुक्याचं ठिकाण झालं नव्हतं, वणीच्या रस्त्यावरचं एक मोठं गाव एवढंच. गावाबाहेर एक जिन होतं. कापसातून सरकी वेगळी काढायची, रुईच्या गाठी बांधायच्या, असा कारखाना. मी मूळचा बाभुळगावकडचा. घरी कापसाची, तुरीची शेती, पण मला लोखंडाचा नाद. यवतमाळला एका वर्कशॉपात दोन वर्षं हात काळे केले आणि चोविसाव्या वर्षी त्या जिनात इंजिन ड्रायव्हर म्हणून लागलो. मोठं ऑइल इंजिन होतं ते, त्याचं चाक माझ्यापेक्षा उंच. त्या चाकावरून एक रुंद पट्टा भिंतीतून पलीकडच्या हॉलमध्ये जायचा आणि त्याच्या जोरावर तिकडची सगळी यंत्रं चालायची.

ड्रायव्हर आम्ही दोघं. दुसरा रामधन राठोड. जिनापासून दोन कोसांवर त्याचा तांडा होता. माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठा, उंच, पायात कायम एकच चप्पल असल्यासारखा एका अंगाला झुकून चालणारा. आधी तो राजूरच्या चुनाभट्टीवर होता. माणूस मोठा मजेदार. मला ‘विसूभाऊ’ म्हणायचा, आणि लाडात आला की त्याच्या बोलीत ‘भिया’, म्हणजे भाऊ.

कागदावर आमच्या बारा-बारा तासांच्या दोन पाळ्या होत्या. पण कागद मॅनेजरच्या टेबलाच्या खणात आणि कापूस रस्त्यावर! दिवाळीपासून होळीपर्यंत बैलगाड्या कधी येतील याचा नेम नाही. रांग लागली की इंजिन तीन-तीन दिवस थांबत नसे. रांग सरली की दुपारीच बंद. पट्टा तुटला की बंद. जोडला की लगेच चालू, मग तुम्ही जेवत असा की झोपलेले असा. एक दिवस सकाळी झोपायचं, दुसऱ्या दिवशी दुपारी, तिसऱ्या दिवशी झोपायचंच नाही... इंजिनघराच्या मागे पत्र्याची एक खोली होती, त्यात एक बाज. दोघांत ती एकच बाज. एक उठला की दुसरा त्याच गरम गोधडीत शिरणार, अशी पद्धत.

मला दिवसा झोप येत नसे. आता हे वाचायला साधं वाटेल, पण ज्यानं पाळीचं काम केलंय त्याला विचारा. पत्रा तापायचा. भिंतीपलीकडून इंजिनाचे ठोके यायचे, ते मी मोजत पडायचो. माशा, बैलांच्या घंटा, जिनावर कापूस टाकणाऱ्या बायांचं हसणं... चार तास पडून अर्धा तास डोळा लागायचा. मग कामावर गेलो की इंजिनासमोर उभ्या उभ्या मान कलंडायची. मी काय काय केलं नाही — कच्चा कांदा खाल्ला, बिड्या ओढल्या, इंजिनाच्या पाण्याच्या टाकीत डोकं बुडवलं. दोन महिन्यांत माझे गाल बसले. एकदा तेलाची कुपी हातात घेऊन मी झोपलो आणि बेअरिंग इतकं तापलं की हॉलमध्ये धूर गेला. मॅनेजरनं सगळ्यांसमोर सांगितलं, आणखी एकदा असं झालं तर बाभुळगावची वाट धर.

आणि रामधन? अहो, त्या माणसाला झोपेचं वरदान होतं. बाजेला पाठ लागायच्या आत घोरायला लागायचा. डाव्या कुशीवर, एक हात उशाखाली, तोंड जरा उघडं. इंजिन चालू असो, बंद असो, पत्रा तापो. चार तासांत असा ताजा होऊन उठायचा की मला त्याचा रागच यायचा. तो म्हणायचा, “आमचे बापजादे बैलाच्या पाठीवर बसून झोपत, भिया. बैल चालून राह्यला, माणूस झोपून राह्यला. ते आंगातच हाये आमच्या.”

संक्रांतीच्या आधीचे दिवस होते. दुपारचे बारा वाजलेले. त्याची पाळी संपली होती, माझी सुरू व्हायची होती आणि मी तर पाच मिनिटंसुद्धा झोपलो नव्हतो. खोलीबाहेरच्या रांजणापाशी मी तोंडावर पाणी मारत होतो आणि रडकुंडीला आलो होतो. रामधन हात पुसत पुसत आला, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, “काहून रे, आजबी नाही झोपला?”

“नाही बाबा. आज काहीतरी होणार माझ्या हातून. नोकरी जाणार, नाहीतर हात जाणार.”

 मग त्याला काय सुचलं कोण जाणे, रांजणातून गडवाभर पाणी घेतलं. “हात पुढं कर,” म्हणाला. आपल्याकडे दान देताना हातावर पाणी सोडतात, मग ते कन्येचं असो की गाईचं. एकदा पाणी सोडलं की ती वस्तू देणाऱ्याची राहत नाही. तसंच त्यानं अगदी भटजीसारखा चेहरा करून माझ्या तळहातावर पाण्याची धार धरली. “घे. माही झोप तुले देली. मले लय हाये, सरत नाही.”

मी हसलो. पाणी कोपरापर्यंत ओघळलं. “घेतली,” मी म्हणालो. तिथं सरकी वाहणारे दोघंतिघं होते, तेही हसले.

त्या दिवसाची पाळी मी कशीबशी काढली. ती संपली आणि मी बाजेवर पडलो... आणि पुढचं आठवतच नाही. जागा झालो तो डाव्या कुशीवर होतो, एक हात उशाखाली. मी जन्मात कधी डाव्या कुशीवर झोपलेलो नाही, कारण लहानपणी झाडावरून पडून माझा तो खांदा दुखावलेला आहे. पण तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. झोप झाली होती! तोंडाला चव होती, हातात जोर होता. मी मारेगावच्या हॉटेलात जाऊन दोन प्लेट भजी खाल्ली.

दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच. कोणत्याही वेळी पडावं आणि विहिरीत दगड सोडल्यासारखं झोपेत जावं. आणि या झोपेत एक स्वप्न होतं, दर वेळी तेच. पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांची लांबच लांब रांग माळावरून चालली आहे. बैलांच्या शिंगांना कवड्या. मी रांगेच्या कडेनं चालतोय आणि माझ्या पुढे एक म्हातारी चालते आहे. दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या, हनुवटीवर गोंदलेलं, डावा कान फाटून दोन तुकडे झालेला. ती मधूनच वळून माझ्याकडे पाहायची, ओळख न पटल्यासारखं कपाळ आकसायची आणि विचारायची, “रामधन कत छ?” — रामधन कुठे आहे? मला त्यांची बोली येत नव्हती. दोन-चार शब्द सोडले तर आजही येत नाही. पण स्वप्नात ते मला लख्ख कळायचं. मी उत्तर द्यायचो नाही. ती पुन्हा चालू लागायची.

स्वप्न म्हणजे स्वप्न. मित्र बंजारा, म्हणून बैल दिसतात, असं मी मनाला सांगितलं. मला झोप मिळत होती, बाकी कशाशी मला देणंघेणं नव्हतं. हे मी मुद्दाम स्पष्ट लिहितोय.

रामधनकडे माझं लक्ष गेलं ते पाच-सहा दिवसांनी. आधी तोच थट्टा करत होता, “तू तं खरंच घेऊन गेला रे माही झोप!” मग थट्टा थांबली. त्याचे डोळे लाल झाले, मग पापण्या सुजल्या. बाजेवर त्याची पाळी असली की तो पत्र्याकडे पाहत पडायचा आणि तासाभरात उठून बाहेर येऊन बसायचा. तांड्यावर त्याच्या बायकोनं, जमनीवहिनीनं, डोक्याला तेल चोळलं, कोणाकडून तरी अंगारा आणला. वणीच्या डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. डॉक्टर म्हणाले, माणूस इतके दिवस जागा राहूच शकत नाही, मधेमधे डुलकी लागत असेल, त्याला कळत नसेल. मलाही ते पटलं. मी रामधनलाही तेच ऐकवलं, वर दोन शहाणपणाच्या गोष्टी सांगितल्या.

एका सकाळी जमनीवहिनी भाकरी घेऊन जिनावर आली. रामधन इंजिनाजवळ होता. ती माझ्याजवळ आली, माझा भरलेला चेहरा निरखून पाहिला आणि म्हणाली, “भाऊ, तुमी त लय झ्याक दिसून राह्यले.” एवढंच. तिच्या बोलण्यात राग नव्हता. पण मी तिच्या नजरेला नजर देऊ शकलो नाही.

पंधरावा की सोळावा दिवस असेल. मी रात्री बारापासून इंजिनावर होतो. दुपारी बाराला माझी सुटका, मग रामधन येणार. तो आला. हातात काही नाही, डोक्याला फेटा नाही. मला म्हणाला, “विसूभाऊ, इकडं ये जरा.”

आम्ही रांजणापाशी गेलो.

“काल दुपारी तू झोपेल होता,” तो म्हणाला, “मी पाना घ्याले खोलीत आलतो. तू झोपीत बोलून राह्यला होता. आमच्या बोलीत. याडी, याडी म्हनत होता.”

याडी म्हणजे आई. मी ते हसण्यावारी नेलं. “अरे, तुझं ऐकून ऐकून पाठ झालं असेल.”

“मी कवा म्हटलं तुह्यापुढं याडी?”

खरंच, कधी म्हटलं नव्हतं. आईबद्दल तो कधीच बोलत नसे. मला राहवलं नाही. मी विचारलं, “रामधन, तुझ्या आईचा डावा कान फाटलेला होता का?”

तो होता तिथेच, चिखलात, खाली बसला.

मग त्यानं सांगितलं. त्याची आई त्याच पावसाळ्यात गेली होती. तो तेव्हा राजूरला भट्टीवर, पाळीत पाळी अडकलेला. निरोप निघाला तर नाल्याला पूर, निरोप्या तिसऱ्या दिवशी पोचला. रामधन घरी आला तेव्हा सगळं उरकलं होतं. तोंड पाहायला मिळालं नाही. महिनाभर तो कोणाशी बोलला नाही. मग ती त्याला झोपेत दिसायला लागली. तिच्या लहानपणी त्यांच्या लोकांचे मालाचे बैल या मुलखातून जात, त्या रांगेत ती चालायची आणि हा तिच्या मागं. दर झोपेत. ती त्याला मागच्या गोष्टी सांगायची, तो ऐकायचा. शेवटी भेट झाली नाही, ती अशी चालली होती.

“म्हनून तं मी बाजेवर पडलो का लगेच जात होतो रे,” तो म्हणाला. “झोप देली तं देली, मले त्याचं काई नाही. पन तिच्यात याडी हाये, हे ध्यानातच नाही आलं माह्या.”

मी रांजणावरचं झाकण सारखं केलं.

“वापस दे विसूभाऊ. सारी नोको देऊ, तुले बी पाह्यजे. एक दुपार दे. तू संध्याकाळलोक इंजिन पाय, मी पडतो. याडीले भेटून येतो. ती वाट पाहून राह्यली असन.”

आणि मी... मी नाही म्हणालो.

बारा तास झाले होते मला उभं राहून. ती बाज, ती झोप मला डोळ्यांपुढे दिसत होती. आणि मनात एक भीतीही होती — समजा हे सगळं खरं असेल, आणि मी परत दिली, आणि मग ती मला परत मिळालीच नाही तर? पुन्हा ते ठोके मोजत पडणं? म्हणून मी हसून म्हणालो, “अरे वेडा का खुळा तू? झोप काय पायली-कुडवानं मोजून देतात? सीझन संपू दे, मग काय ते पाणीबिणी सोडू.” त्याचा खांदा थोपटला आणि खोलीत गेलो. दार लावताना मी त्याच्याकडे पाहिलं नाही.

पडल्या पडल्या झोप लागली. तोच माळ, तीच रांग. पण त्या दिवशी रांग थांबली होती. म्हातारी एका बैलाच्या वशिंडावर हात ठेवून उभी होती, फार थकलेली. माझ्याकडे वळून तिनं तेच विचारलं, रामधन कुठे आहे? पुन्हा विचारलं. तिचे ओठ कापत होते. सगळे बैल माना वळवून माझ्याकडे पाहत होते.

आता माझी चूक सांगतो. मी म्हणालो, “याडी, मीच रामधन.”

तिची कीव आली म्हणून बोललो, की तिनं विचारायचं थांबवावं म्हणून बोललो, हे मला अजून कळलेलं नाही. पण मी बोललो. तिनं दोन्ही हातांनी माझा चेहरा धरला. हात खरखरीत होते, त्यांना शेणाचा आणि मिठाचा वास होता. तिच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. ती हसली आणि बैल चालू लागले. आम्ही दोघं बरोबर चालू लागलो, आणि इतकं सुख मला जागेपणी कधी मिळालं नाही.

त्याच वेळी भिंतीपलीकडे रामधनचा हात पट्ट्यात गेला होता.

पट्टा घसरायला लागला की त्याला चालत्यातच राळ लावायची आमची रीत होती. राळेचा खडा हातात धरायचा आणि पट्ट्याला टेकवायचा, एका क्षणासाठी. धोक्याचं काम, पण हजार वेळा केलेलं. रामधनला तो क्षण कळला नाही. बाया ओरडल्या, मुकादमानं धावत येऊन तेल बंद करून इंजिन थांबवलं. इंजिनाचा ठोका जरा जरी बदलला तर ड्रायव्हर झोपेतून उठून बसतो, हे आमच्या धंद्यात कोणीही सांगेल. इथे अख्खं इंजिन थांबलं आणि मी उठलो नाही. त्यांनी दार वाजवलं, मला हलवलं, तोंडावर पाणी ओतलं. मुकादम नंतर म्हणाला, “तू हसून राह्यला होता झोपीत. आमाले वाटलं हा बी गेला.”

मी जागा झालो तेव्हा गाठींच्या ट्रकमधून रामधनला वणीच्या दवाखान्यात नेलंही होतं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

मी दुसऱ्या दिवशी गेलो. हाताला बँडेज, आणि डोळे उघडे. डॉक्टरांनी झोपेचं इंजेक्शन दिलं होतं, दोनदा. डोळे उघडेच. जमनीवहिनी खाली फरशीवर बसून होती.  रामधन छताकडे पाहत म्हणाला, “झोपला काय रे नीट?” टोमणा नव्हता तो. खरंच विचारत होता.

मी बाहेरच्या नळावरून गडवा भरून आणला. तेव्हाही माझा विश्वास होता असं मी म्हणणार नाही.  त्याचा डावा हात उघडला, त्यावर पाणी सोडलं आणि म्हणालो, “रामधन, तुझी झोप तुला दिली. आता ती माझी नाही.” पाणी चादरीवर सांडलं. त्यानं मूठ मिटली. गडवा अजून अर्धा भरलेला होता आणि त्याचे डोळे मिटले. डाव्या कुशीवर वळायचा प्रयत्न केला, तोंड जरा उघडलं आणि तो घोरायला लागला. वहिनी तोंडात पदर कोंबून रडायला लागली. नर्स धावत आली, तिला वाटलं काही झालं.

पूर्ण दोन दिवस तो झोपला. मी तिथेच बसून राहिलो. मला आता डोळ्याला डोळा लागत नव्हता, पण त्याचं दुःख वाटलं नाही. चला, फेडलं एकदाचं, आता भेटेल तो आईला, असं मनात होतं. झोपेत त्याचे ओठ हलायचे तेव्हा मला बरं वाटायचं.

तिसऱ्या दिवशी दुपारी तो जागा झाला. वहिनी चहा आणायला गेली होती. त्यानं माझ्याकडे पाहिलं. चेहरा ताजा होता, पण डोळे वेगळे होते.

“भेटली?” मी विचारलं.

“भेटली.”

“मग?”

“मी म्हटलं, याडी, मी आलो. तिनं पाह्यलं माह्याकडं. म्हनते, तू कोन बापा? माहा रामधन तं आत्ताच होता इथं, माह्यासंगं चालून राह्यला होता. तो पानी प्याले गेला, येतेच आता.” त्यानं डाव्या हातानं चादर वर ओढली. “मी लय सांगतलं. आयकलंच नाही. रस्त्याकडं पाहत उभी राह्यली.”

मी मान खाली घातली. त्याला कळलं. इतका काही तो भोळा नव्हता. मी बोलणार इतक्यात त्यानं बँडेजचा हात वर करून मला थांबवलं.

“राहू दे, भिया,” तो म्हणाला. “तिले पोरगा भेटला ना. तू जात जा. नाही म्हनू नोको तिले.”

त्यानंतर म्हातारी त्याच्या झोपेत आली नाही. मला वाटलं होतं तो मला तोडेल. त्यानं तोडलं नाही. त्यानं जिन सोडलं, तांड्यावर शेती केली, सात बोटांनी वखर धरला, मुलांची लग्नं केली. झोप त्याला चांगली लागायची, पण नुसती झोप, काही नसलेली. मीही पुढच्याच वर्षी जिन सोडलं आणि बाभुळगावला पंप दुरुस्तीचं दुकान टाकलं. मला आजही दोन-तीन तासांपेक्षा जास्त झोप नाही. जी येते तिच्यात काहीच दिसत नाही. ना बैल, ना माळ. तिथे जायची माझी वाट त्या दवाखान्यात गडव्यातल्या पाण्याबरोबरच गेली.

हे मी रामधनला सांगायला हवं होतं. पण वर्षातून एकदा तरी आमची भेट व्हायची, कधी मुकुटबनच्या बाजारात, कधी कोणाच्या लग्नात. हालहवाल झाली, तंबाखू झाली की तो मला जरा बाजूला घ्यायचा आणि हळूच विचारायचा, “याडी कशी हाये?”

मी म्हणायचो, “बरी आहे. तुझं नाव घेते.”

तो मान हलवायचा आणि खुश होऊन जायचा. पन्नासच्या वर वर्षं.

शिकलेल्या लोकांना मी हे दुसऱ्याचं म्हणून सांगून पाहिलं आहे. एक डॉक्टर म्हणाले, त्याला आई गेल्याचा धक्का होता, म्हणून झोप गेली. तुम्ही थकला होतात, म्हणून झोप आली. बोली कानावर पडून मनात बसते. ठीक आहे. पण तो फाटलेला कान? डॉक्टर म्हणाले, योगायोग. मी इंजिनवाला माणूस, योगायोग हे कारण मला पुरत नाही आणि दुसरं कारण मला सापडलेलं नाही. तुमच्यापैकी कोणाला सुचलं तर जरूर लिहा, मी आनंदानं चूक ठरेन.

मला स्वतःला त्रास होतो तो वेगळ्याच गोष्टीचा. सहा वर्षांपूर्वी रामधन गेला. जाण्याआधी आठ दिवस मी भेटायला गेलो होतो, तेव्हाही त्यानं विचारलं आणि मीही तेच उत्तर दिलं. आता तो तिथे, त्या माळावर याडीपाशी, पोचला असेल आणि तिनं पुन्हा विचारलं असेल, तू कोण म्हणून... ती तर अजून माझीच वाट पाहत असेल.